यजमान बसत नसतो

आमच्या घराण्यात स्लावाच्या सणाचं आमंत्रण कोणाला देत नाहीत. कुळाच्या संताचा दिवस कोणता ते ज्याला ठाऊक असतं तो येतो, आणि आला की तो आपला. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी पेर्सिदा आली तेव्हा तिला कोणी 'ये' म्हटलं नाही आणि 'का आलीस' असंही विचारलं नाही. तिने पायरीवर चिखलाचे बूट काढले, दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या भावाच्या गालाला गाल लावला, "सुखाची स्लावा, यजमान," म्हणाली, मुरांब्याचा चमचा तोंडात घातला, वर घोटभर पाणी प्यायली आणि बाह्या सरसावत सरळ मागच्या खोलीत आईकडे गेली.

तिहोमिर तिच्या पाठीकडे बघत राहिला. बहीण घरात शिरली की हल्ली त्याला शाळेत तपासणीस आल्यासारखं वाटायचं. पण आजच्या दिवशी कपाळाला आठी घालायची सोय नव्हती. मेणबत्ती लागली होती, पाद्री येऊन भाकरी मोडून गेला होता, आणि यजमान म्हणून संध्याकाळपर्यंत त्याला दारात उभं राहायचं होतं. स्लावाला यजमान बसत नसतो. येणाऱ्याला सामोरं जायचं, जाणाऱ्याला पोचवायचं, पेले भरायचे, आणि स्वतः मात्र टेकायचं नाही. त्याचे वडील शेवटच्या वर्षी अंगात फणफणून ताप असताना भिंतीला खांदा लावून उभे होते. तिहोमिरने ते पाहिलं होतं.

पेर्सिदाबद्दल गावात दोन मतं होती आणि दोन्ही एकाच तोंडून ऐकू यायची. लग्न न करता नर्स झाली, युद्धात जखमी सांभाळले, मग नगरपालिकेने घोडदळाच्या जुन्या पिवळ्या बराकीत वृद्धाश्रम काढला तेव्हा तिथली पहिली मुख्य नर्स झाली. पहिल्या हिवाळ्यात तिथे रांगेने लोखंडी खाटा होत्या, सगळ्यांना एकसारखे राखाडी झगे होते आणि बाहेरून कुलूप होतं. कुलूप तिने पहिल्या आठवड्यात काढलं. झगे फाडून त्यांची फडकी केली. ज्याने त्याने आपली उशी आणि आपली देवाची तसबीर आणायची असं ठरवलं, देव न मानणाऱ्या पालिकेच्या माणसाने तसबिरीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तर "म्हाताऱ्याचा फोटो आहे, दिसत नाही का?" म्हणाली. आणि प्रत्येक खाटेशेजारी तिने एक बुटकं स्टूल ठेवलं. तिथल्या मुलींना तिचा दंडक होता: म्हाताऱ्या माणसाशी उभ्याने बोलायचं नाही. उभा माणूस विचारत नसतो, हुकूम सोडत असतो. स्टुलावर बसा, विचारा, आणि विचारलंत की थांबा. उत्तर यायला भाकरी भाजून होईल इतका वेळ लागला तरी थांबा.

गाव हे सगळं कौतुकाने सांगायचं, आणि लगेच पुढे म्हणायचं, "पण दुसऱ्यांच्या आया पिवळ्या घरात, आणि हिची स्वतःची?"

हिची स्वतःची आई, स्तामेना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आडवी झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं निम्मं गेलं. थोरली सून रादोयका तिचं सगळं करायची.

"आई, तुला कुशीवर वळवते हं," पेर्सिदा म्हणाली. आईने डोळे मिटून उघडले. पेर्सिदाने तिला हलकेच वळवलं, सदरा वर केला आणि तिचे हात तिथेच थबकले.

माकडहाडावर आलुबुखाराएवढी जखम होती. कडा लाल, मध्ये पिवळं. त्यावर पिठाचा थर.

रादोयका गरम पाण्याची बादली घेऊन आत आली.

"वहिनी, हे कधीपासून आहे?"

"कोणतं?"

"ये, बघ."

"बघायचं काय त्यात? रोज मीच बांधते. तेल लावते, पीठ भुरभुरवते."

"पीठ? अगं वहिनी, जखमेवर पीठ!"

"मग काय सोनं भुरभुरवू?" रादोयकाने बादली खाली ठेवली. "तुझ्या हाताखाली सहा पोरी आहेत. माझ्या हाताखाली दोन गायी, डुकरं आणि तुझा भाऊ आहे."

इथे पेर्सिदाने जीभ आवरायला हवी होती. दुसऱ्या कोणाची सून असती तर तिने तिला आधी बसवलं असतं, चहा दिला असता. पण घरच्या माणसांपुढे तिचा तो शहाणपणा कुठे जायचा कोण जाणे. ती म्हणाली, "माझ्याकडे अजून एकालाही हे झालेलं नाही."

रादोयकाचा चेहरा लाल झाला. "बरं झालं सांगितलंस. आता हे बाहेर बसलेल्या पाहुण्यांनाही सांग. म्हणावं, रादोयकाच्या हातून सासू कुजली."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? डोळे आहेत ना तुला." ती वळली आणि वळताना दाराच्या चौकटीला तिने घट्ट धरलं. तिच्या झग्याखाली कमरेला लोकरी मफलर करकचून बांधलेला होता. तो पेर्सिदाला दिसला नाही. माणसाच्या चालीवरून दुखणं ओळखणारी बाई, पण स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार.

तिने जखम धुतली, पीठ काढलं, पिशवीतली औषधाची घडी लावली. मनात मात्र वादळ चालू होतं. खाट तयार होती. खालच्या मजल्यावर, नदीकडच्या खिडकीशी. आठवडाभर तिने ती रिकामी ठेवली होती आणि कोणाला बोलली नव्हती. आईसाठीच ठेवली होती, हे खरं. पण आई त्या खाटेवर आली की गावाच्या तोंडाला कुलूप बसेल हेही तिच्या मनात होतं, आणि या दोहोंतलं आधी कोणतं आलं हे तिला सांगता येईना. त्याचाच तिला राग येत होता.

ती दाराशी गेली.

"दादा, आईला मी घेऊन जाते. आजच."

"सुखाची स्लावा!" अंगणातून शेजारी ओरडला.

"या, या, देव तुमचं भलं करो!" तिहोमिर मोठ्याने म्हणाला, आणि तेच हसू तोंडावर ठेवून दातांतून पुटपुटला, "कुठे घेऊन जातेस?"

"तुला माहीत आहे कुठे. पाठीला जखम झालीये. हिवाळा काढायची नाही ती इथे."

"मुरांबा घ्या ना. चेरीचा आहे, रादोयकाने केलाय. पाणी?" शेजारी आत गेला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं, पेर्सा? दोन मुलगे जिवंत, घरात गहू-मका भरलेला, आणि आई आश्रमात? त्यापेक्षा मला आधी मातीत घाल."

"तुला मातीत घालून तिची जखम भरणार आहे का?"

"तुझ्याकडे येतात त्यांना कोणी नाही म्हणून येतात."

"नऊ जणांना मुलगे आहेत."

"मग ते मुलगे नव्हेत." पुन्हा हसू. "या काका, या! वाट बघत होतो."

आले ते व्हितोमिर काका, वडिलांचे धाकटे भाऊ. वय वाढलं तशी उंची कमी झाली होती, पण आवाज तेवढाच होता. अर्धं बोलणं त्यांनी फाटकातच ऐकलं होतं. त्यांनी पेर्सिदाकडे पाहिलं. "काय गं, दुकानाला गिऱ्हाईक कमी पडतंय वाटतं?"

"तुमच्यासाठी पण जागा आहे, काका. खिडकीजवळची हवी की चुलीजवळची?"

"मी मरेन तो माझ्या नासपतीच्या झाडाखाली."

"मरायला हरकत नाही. पण आधी दोन वर्षं अंथरुणात काढलीत तर झाडाखाली चादर कोण बदलणार?"

काकांनी छातीवर क्रूस काढला आणि राकिया दारूचा पेला एका दमात रिकामा केला.

धाकटा भाऊ ल्युबिशा दुपारच्या बसने बेलग्रेडहून आला. सोबत बायको नेवेना. त्याच्या कडेवर वर्षाची पोर. नेवेनाच्या मांडीवर सबंध प्रवासभर कापडात गुंडाळलेला एक मोठा वाडगा होता. ल्युबिशाला वाटलं केक आहे. त्याने विचारलं नाही. तो विचारणाऱ्यांतला नव्हताच, आणि म्हणूनच कचेरीत त्याचं बरं चाललं होतं. लग्नानंतर नेवेनाची सासरच्या स्लावाला यायची ही पहिलीच खेप. एका वर्षी पूर आला होता, एका वर्षी ती बाळंत झाली होती.

नेवेनाला सकाळपासून धास्ती होती, आज सगळे मिळून ठरवतील की हिवाळ्यात सासूबाईंना शहरात पाठवावं. दोन खोल्या, चौथा मजला. ती तयारी करून आली होती: आधी गोड वागायचं, मग रडायचं. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या तिने रादोयकाच्या गळ्यात हात टाकले, आणि रादोयका कळवळून "आई गं!" म्हणाली.

"काय झालं, जाऊबाई?"

"काही नाही. हात चुलीला लागला."

हात चुलीपासून चांगला लांब होता. नेवेना शहरी असली तरी आंधळी नव्हती. "हे कमरेला काय बांधलंय?"

"तुझं काय जातंय? सार्म्याचं पातेलं उतरव जरा. वाफ सांभाळ." मग थोड्या वेळाने, पाठमोरी राहूनच रादोयका म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. आज तरी नको. तुझ्या त्या वन्सं सकाळी येऊन सासूबाईंची पाठ तपासून गेल्या. पिठाच्या नावाने मला शाळा शिकवून गेल्या."

"मग सासूबाईंना नेऊ दे ना त्यांना!"

"म्हणजे गाव म्हणेल, रादोयकाला जमलं नाही." तिने डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती. "एवढं केलं, आणि शेवटी हेच म्हणतील."

ती पाहुण्यांसाठी भाकरी घेऊन गेली. नेवेनाने कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सार्म्यांचं पातेलं उतरवलं आणि टेबलाकडे नजर टाकली. भाकरी होती, वाइन होती, मेणबत्ती होती. गहू नव्हता. तिच्या माहेरी स्लावा म्हणजे संत निकोलाचा दिवस, आणि आल्या पाहुण्याच्या पुढे पहिला उकडलेल्या गव्हाचा वाडगा. इथे बिचारी जाऊ कामाच्या रगाड्यात विसरली, असं तिला वाटलं. बरं झालं आपण आणला. तिने कापड सोडलं, वरच्या साखरेवरचा अक्रोडांचा क्रूस नीट केला, आणि वाडगा दोन्ही हातांनी धरून बाहेर गेली.

तेव्हाच, पोरीला बाकावर झोपवून, ल्युबिशा आणि पेर्सिदा मिळून आईला उचलून टेबलाच्या टोकाशी, उशा लावलेल्या खुर्चीत बसवत होते. नेवेनाने वाडगा नेमका सासूच्या पुढ्यात ठेवला.

व्हितोमिर काकांनी हातातला पेला खाली ठेवला.

आमच्या घराचा संत म्हणजे देवदूतांचा सरदार मिहाइलो. तो देवदूत, तो कधी मेलाच नाही, आजही जिवंत आहे. गहू मेलेल्यांच्या नावाने शिजवतात. म्हणून आमच्या घरात या दिवशी गहू शिजत नाही. पणजोबांच्या काळापासून पाहुण्याच्या तोंडी मुरांबाच पडतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पाद्री म्हणतो शिजवायला हरकत नाही, पण पाद्र्याचं कोण ऐकतो.

"जिवंत संताला गहू?" व्हितोमिर काकांचा आवाज. त्यांनी वाडग्याकडे पाहिलं, मग वाडग्यामागे बसलेल्या स्तामेनावहिनीकडे पाहिलं. "का दुसऱ्या कोणासाठी आणलाय?"

नेवेनाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला... आमच्याकडे... ल्युबिशा, तू सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं केक आहे," ल्युबिशा म्हणाला. नवरा म्हणून तो त्या दिवशी जो उघडा पडला तो कायमचा.

"वा!" तिहोमिर दारातून आत आला होता. पाहुण्यांपुढे सकाळपासून धरून ठेवलेलं हसू आता गळून पडलं होतं. "एकीने आईसाठी आश्रमात खाट टाकली. दुसरीने तिचा गहू शिजवून आणला. आता खड्डा कोण खणणार तेवढं सांगा! ल्युबिशा, तू खणतोस?"

"दादा, चूक झाली तिची. लहान आहे ती," पेर्सिदा म्हणाली.

"आणि तू? तू लहान आहेस? सगळ्या गावाला बसून बोलायला शिकवतेस, आणि आपल्या आईची जागा मला न विचारता ठरवतेस!"

"तुला विचारलं असतं तर?"

"नाही म्हणालो असतो!"

"आणि तिची पाठ?"

"रादोयका बघेल तिची पाठ. बघतेच आहे. रादोयका, सांग हिला!"

रादोयका रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. सकाळी ती नवऱ्याच्या बाजूने होती, निव्वळ नणंदेच्या रागाने. आता त्याने तिचं नाव असं सहज काढून दुसऱ्यापुढे ठेवलं तसा तो राग नणंदेवरून सुटून नवऱ्याकडे वळायला लागला. तिच्याऐवजी नेवेनाच बोलली, रडतारडता, "त्या बघणार कशा? त्यांची कंबर..."

"गप गं!" रादोयका म्हणाली.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. काका म्हणाले हा अपशकुन आहे. शेजारी म्हणाला वाडगा आधी उचला. ल्युबिशा म्हणाला उगाच लहान गोष्टीचं मोठं करताय. तिहोमिर म्हणाला मोठं कोण करतंय. कोणाचंच लक्ष नसताना स्तामेनाने डावा हात टेबलावरून सरकवत नेला, चमचा पकडला, आणि साखरेचा थर मोडून गव्हात घातला. थोडा गहू वाटेत सांडला. उरलेला तिने तोंडात घातला आणि चावू लागली.

"अगं आई, नको!" तिहोमिर ओरडला.

"तिला पाणी हवंय," काका म्हणाले.

"रागावलीये ती," ल्युबिशा म्हणाला.

"तिला आत ने, रादोयका."

"गप्प बसा सगळे," पेर्सिदा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पिवळ्या घरात चाळीस म्हातारी माणसं ज्या आवाजाने चमचे खाली ठेवत तो आवाज होता. ती आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर उकिडवी बसली. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लाज तिने लपवली नाही. "आई, मी तुझी खाट तयार केली, चादर घातली, आणि तुला एकदाही विचारलं नाही. आता विचारते. तुला काय हवंय?"

आणि ती थांबली. सगळ्यांना थांबावं लागलं. चुलीत लाकूड तडकलं. नेवेनाने बाकावरून उचललेली पोर तिच्या खांद्यावर झोपली होती. व्हितोमिर काकांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा शेजाऱ्याने त्यांचा हात दाबला. स्तामेनाने घास गिळला. तिने मुलीकडे पाहिलं, मग धाकट्या सुनेकडे.

"अक्रोड..." ती म्हणाली. "कमी."

नेवेनाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम झाल्याने तिने पोरीच्या टोपड्यात तोंड लपवलं.

मग म्हातारीने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. तो उंचच उंच उभा होता. तिला मान खूप वर करावी लागली आणि ती तिच्याने होईना.

"खाली... बस."

तिहोमिरला कळलं नाही असं त्याने दाखवलं.

"तू. खाली बस."

"आई, आज स्लावा आहे."

"यजमान बसत नसतो, वहिनी," काका म्हणाले. "माझा दादा, याचा बाप, तापातही बसला नव्हता."

स्तामेनाने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थोरल्याकडे बघत राहिली. तिहोमिर मागे वळून दाराकडे बघू लागला, कोणी पाहुणा येईल आणि आपली सुटका होईल म्हणून. कोणी आलं नाही. मेणबत्ती सरळ जळत होती. एवढा मोठा माणूस, कपाळावर घाम आला होता. मग त्याने पायाने खुर्ची ओढली आणि तो बसला. खुर्ची करकरली. बसल्यावर त्याचे आणि आईचे डोळे समोरासमोर आले, आणि त्याच्या लक्षात आलं की दोन वर्षांत आपण हिच्याशी बोललो ते सगळं खाटेच्या वरून. कशी आहेस, बरी आहेस ना, झोप.

"रादा," म्हातारी म्हणाली. रादोयकाला ती कधी पूर्ण नावाने हाक मारत नसे. "माझ्याखाली... पडली. उचलताना. सांगितलं... नाही."

"कधी?" त्याने बायकोकडे पाहिलं.

"बटाटे काढले त्या आठवड्यात," रादोयका म्हणाली. "आता बरं आहे."

"बरं नाही," म्हातारी म्हणाली. श्वास घेतला. परत शब्दांची जुळवाजुळव. "रात्री... रडते. मला... ऐकू येतं. कान... चांगले आहेत."

रादोयकाने ट्रे टेबलावर ठेवला. तो ठेवताना तिला वाकता येईना, आणि या वेळी ते सगळ्यांनी पाहिलं.

"मी खिडकीजवळची जागा ठेवलीये, आई," पेर्सिदा हळूच म्हणाली. "मी स्वतः येऊन नेईन."

"तू नाही." म्हातारीने डावा हात उचलून मुलाच्या गुडघ्यावर टाकला. "हा नेईल. तू नेलंस तर... म्हणतील, पोरीने पळवली. सुनेने... हाकलली." ती दमली. कोणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. "मुलाने नेलं... तर कोण काय बोलेल?"

पेर्सिदाला ते लागलं. किती वर्षं तिने लोकांच्या आया सांभाळल्या आणि स्वतःची आई म्हणते, तू नाही. पण आईचं बरोबर होतं, आणि ते तिच्या आधी आईला सुचलं होतं.

"उद्या नेतो," तिहोमिर म्हणाला. "उद्या सकाळी, आई. आज पाहुणे आहेत."

"आज. उद्या... तू बदलशील."

ल्युबिशा हसला, कारण ते खरं होतं.

तिहोमिर उठला. त्याने गाडीला घोडा जुंपायला ल्युबिशाला पाठवलं, मेंढीच्या कातड्याची पांघरुणं काढली, आईची उशी काखेत घेतली. व्हितोमिर काका दाराशी आडवे आले. "स्लावाच्या दिवशी यजमान घर सोडून जातो? आणि पाहुणे आले तर? दारात कोण?"

"तुम्ही आहात ना. बापाचे भाऊ. राहा उभे."

"मी? माझे गुडघे!"

"यजमान बसत नसतो, काका," तिहोमिर म्हणाला आणि त्यांच्या हातात राकियाची बाटली दिली.

त्याने मोडलेल्या भाकरीचा चतकोर फडक्यात बांधला. गव्हाच्या वाडग्यापाशी तो क्षणभर थांबला, मग नेवेनाला म्हणाला, "हेही घे. इथे ठेवलं तर काका रात्रभर क्रूस काढत बसतील."

गाडी मोठ्या रस्त्यानेच गेली. गल्लीतून जाता आलं असतं, पण तिहोमिर म्हणाला, चोरी करतोय का आपण? लगाम ल्युबिशाकडे होता, त्याच्या शेजारी पोरीला घेऊन नेवेना आणि पेर्सिदा. तिहोमिर मागे गवतावर बसून आईला खांद्याशी धरून होता. बाजाराचा दिवस होता. लोकांनी टोप्या काढल्या. लोहार दुकानाबाहेर आला आणि विचारलं, "कुठे रे, स्लावाच्या दिवशी?" तिहोमिर म्हणाला, "आईला पोचवायला." लोहार बराच वेळ गाडीकडे बघत उभा राहिला. उद्या तो काय बोलेल ते तिहोमिरला दिसत होतं. उजव्या हाताला नदी दिसली तेव्हा त्याच्या मनात आलं की अजून वळता येईल. आई झोपली नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती.

घरी रादोयका सासूच्या रिकाम्या खाटेची चादर काढायला म्हणून गेली. खाटेच्या कडेला टेकली. मग आडवी झाली. भर दुपारी, बूट घालून, मफलरसकट. दार उघडं राहिलं. त्या दिवशी आलेले पाहुणे मागच्या खोलीवरून जाताना पाय हलके टाकत होते, कारण व्हितोमिर काका दारात उभे राहून प्रत्येकाला दटावत होते, "हळू रे, सून झोपलीये. दोन वर्षांनी झोपलीये."

पिवळ्या घराच्या आत तिहोमिरने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, औषधाचा वास असेल, कोणी कण्हत असेल. तिथे चुलीवर भोपळा भाजत होता. पेर्सिदा आणि एका मुलीने आईला नदीकडच्या खिडकीशी नेलं, उशी लावली, कुशीवर वळवण्याआधी तिला विचारलं आणि थांबल्या. तो मधल्या दालनात एकटाच उभा राहिला. हातात टोपी. कुठे बघावं कळेना. ल्युबिशा झोपलेल्या पोरीला घेऊन गाडीतच थांबला होता, नेवेना शेजारी वाडगा धरून होती.

पहिला म्हातारा काठी टेकत आला. गाडीवाला होता एके काळी, स्पासोये नावाचा. त्याने तिहोमिरला आपादमस्तक न्याहाळलं, त्याच्या कोटाला लावलेली स्लावाची तुळस पाहिली.

"तुझी स्लावा आहे होय आज? मिहाइलो?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?" म्हाताऱ्याने काठी डाव्या हातात घेतली, ताठ झाला आणि उजवा हात पुढे केला. "सुखाची स्लावा, यजमान."

तिहोमिरला पुढे काय करावं सुचेना. इथे मुरांबा नव्हता, राकिया काकांकडे राहिली होती. म्हातारा हात पुढे करून तसाच उभा होता, आणि त्याच्या मागून दारं उघडत होती, चपला घसटत होत्या, कोणी कोणाला हाक मारून सांगत होतं, स्लावा आहे, खाली स्लावा आहे. बोलावलं कोणालाच नव्हतं. सगळे येत होते. त्याने नेवेनाच्या हातातून वाडगा घेतला, चमचा गव्हात घातला आणि स्पासोयेच्या तोंडापुढे धरला.

क्रुना नावाची एक म्हातारी मागून ओरडली, "अरे, मिहाइलोला गहू नसतो! तो जिवंत आहे!"

"जिवंतच आहे, आजी. घ्या," तिहोमिर म्हणाला. "अक्रोड कमी आहे, चालवून घ्या."

तिने खाल्लं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. रांग जिन्यापर्यंत गेली. प्रत्येक जण तोच शब्द म्हणत होता आणि तिहोमिर प्रत्येकाला तेच उत्तर देत होता, देव तुमचं भलं करो. खिडकीजवळच्या खाटेवरून, उघड्या दारातून, आई सगळं बघत होती.

पेर्सिदा आली. भावाचा चेहरा तिने पाहिला. सकाळपासून उभा, वर गाडीचे धक्के. तिने आपलं बुटकं स्टूल आणून त्याच्यामागे ठेवलं.

"बस, दादा. इथे कोणी काही म्हणणार नाही."

"यजमान बसत नसतो," तिहोमिर म्हणाला, आणि पुढच्या म्हाताऱ्यासाठी चमचा भरला.